फील्डचं पोस्टिंग आलंय: क्वार्टर, गाव की भाड्याचं घर? आणि मुलांच्या शाळेचं काय?

सिन्नरची_लेक | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. वाचते बऱ्याच वर्षांपासून, लिहितेय पहिल्यांदाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

हे तोफखान्यात हवालदार आहेत. तीन वर्षं आम्ही उत्तरेत एका पीस स्टेशनला (म्हणजे फॅमिली सोबत ठेवता येते अशा ठिकाणी) एकत्र काढली. आता मार्चअखेर युनिट फील्डला जातंय, म्हणजे फॅमिली सोबत नाही आणि हे क्वार्टर सोडायचं. मोठी आठवीत आहे, धाकटा पाचवीत. दोघंही केव्हीत, म्हणजे केंद्रीय विद्यालयात.

सासर खटाव तालुक्यात. सासूबाई म्हणतात, घर आहे, माणसं आहेत, इथेच या. पण गावापासून रोज जाता येईल असं केव्ही नाही, आणि मोठीचं मराठी म्हणजे नुसतं बोलण्यापुरतं. परवा आजीला चिठ्ठी लिहायला बसली तर विचारते, "आई, 'ळ' कुठून सुरू करायचा?" अशा मुलीला नववीत मराठी माध्यमात कशी टाकू?

दुसरं म्हणजे देवळालीत एसएफ (सेपरेटेड फॅमिली, फील्डला गेलेल्यांच्या कुटुंबांसाठीच्या) क्वार्टरसाठी अर्ज करायचा. माहेर सिन्नरला, तासाभराच्या अंतरावर, म्हणून देवळाली. पण वेटिंग किती असेल देव जाणे. तिसरं, नाशिक रोड किंवा देवळाली कॅम्पला भाड्याने राहायचं.

आमच्या दोघांत यावरून रोज एक फेरी होते. हे म्हणतात, आधी घर बघ, शाळा कुठेही मिळते. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते धड सांगताही येत नाही. तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का?

(संपादन: काकांच्या सांगण्यावरून काही मजकूर काढला.)

---

गोलंदाज_निवृत्त | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

ताई, आधी एक करा. युनिटचं नाव आणि ते कुठे जातंय ते लिहिलंय, ते काढून टाका. धागा सगळ्या जगाला दिसतो. बाकीचं नंतर सावकाश लिहितो.

---

सिन्नरची_लेक | ९ नोव्हेंबर, रात्री ११:१२

काढलं काका. ह्यांनी पाहिलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

---

मोरपंखी | १० नोव्हेंबर, दुपारी २:२०

केव्हीत शिकवते, त्यामुळे शाळेपुरतं खात्रीने सांगू शकते.

केव्हीची मूळ कल्पनाच बदलीवाल्यांसाठी. १९६३ साली सुरुवात झाली तेव्हा पहिल्या वीस शाळा पलटणींच्याच होत्या, त्या केंद्राने ताब्यात घेतल्या. त्यामुळे तुमच्यासारख्यांची सोय नियमात आधीपासून आहे. केव्हीच्या टीसीवर दुसऱ्या केव्हीत जाताना परीक्षा नसते. बाहेरून नववीत येणाऱ्याला प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तुमच्या मुलीला ती नाही.

आणि हे फार जणांना माहीत नसतं: वडील फील्डला गेले आणि कुटुंब दुसऱ्या गावी ठेवलं, तर कुटुंब जिथे राहणार तिथल्या केव्हीत सैनिकांच्या मुलांना प्रवेश घेता येतो. वडिलांची बदली त्या गावी झालेली नसली तरी. युनिटकडून तसं पत्र घ्या, कमांडिंग ऑफिसरच्या सही-शिक्क्याचं. तोंडी सांगून भागत नाही. देवळालीत केव्ही आहे.

फीबद्दल: विद्यालय विकास निधी महिन्याला ५०० रुपये. ट्यूशन फी नववीपासून लागते, पण मुलींना माफ.

एक विनंती. निकालाआधी टीसी मागू नका. दर वर्षी कुणीतरी सामान भरायच्या घाईत टीसी काढतं आणि मग गुणपत्रिकेसाठी हजार किलोमीटरवरून फोन करत बसतं.

---

खटावकर | १० नोव्हेंबर, सायं. ७:४८

गावाला एवढं मोडीत काढू नका हो. आमच्या साताऱ्यात फौजी घर नाही असं गाव शोधावं लागेल. अपशिंगे मिलिटरी तर नावातच मिलिटरी घेऊन बसलंय, पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं कामी आली. त्यांच्या बायकांनी मुलं कुठे वाढवली? गावातच ना?

माझे वडील सैन्यात होते. आम्ही तिघं भावंडं आजीजवळ राहून जिल्हा परिषदेच्या आणि मग रयतच्या शाळेत शिकलो. काही अडलं नाही. मुलांना मायेची माणसं लागतात. शाळेचं नाव काय चाटायचंय?

---

सिन्नरची_लेक | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

दादा, गावाला नावं ठेवत नाही. पण तुम्ही पहिलीपासून तिथे होतात. माझी मुलगी नववीत तिथे उतरणार, इतिहास-भूगोल-विज्ञान सगळं नव्या भाषेत, आणि पुढच्याच वर्षी बोर्ड. धाकट्याचं एक वेळ चाललं असतं.

---

ट्रंकवाली | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

मी काय लिहू आणि काय नको असं झालंय. आमचे हे सुभेदार म्हणून निवृत्त झाले. बावीस वर्षांत अकरा घरं केली. त्यातली दोन एसएफ, एक भाड्याचं, दीड वर्ष सासरी.

आधी क्वार्टरबद्दल. मार्च-इनच्या, म्हणजे क्वार्टर ताब्यात घ्यायच्या दिवशी एमईएसचा (क्वार्टरांची देखभाल करणाऱ्या खात्याचा) माणूस यादी घेऊन येतो: पंखे इतके, नळ इतके, बेसिन एक, खिडकीच्या काचा अमुक. आपण प्रवासाने दमलेले असतो, पोर कडेवर असतं, आणि आपण "हो हो" म्हणत सही करून टाकतो. माझ्या दुसऱ्या घरी बेसिनला आधीचीच चीर होती. मार्च-आउटला, म्हणजे क्वार्टर सोडताना, त्याचे पैसे आमच्या नावावर लागले. तेव्हापासून प्रत्येक नळ सोडून पाहिल्याशिवाय मी सही केली नाही. आता तर मोबाइल आहेत, फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

एसएफचं आयुष्य वेगळंच असतं. अख्ख्या लाइनीत पुरुष नाही. रात्री पोराला ताप चढला की शेजारीण दुसऱ्या पोराला बघते आणि तुम्ही एमएचला (मिलिटरी हॉस्पिटलला) पळता. सिलिंडर, फ्यूज, पालकसभा, सगळं बायकांचंच. मी स्कूटर चालवायला तिथेच शिकले, एका तेलुगू शेजारणीने शिकवलं. तिची हिंदी माझ्याहून वाईट, त्यामुळे आमची शिकवणी सगळी हातवाऱ्यांवर. ती दोन वर्षं वाईट होती असं मी कधीच म्हणणार नाही. उलट सासरी काढलेलं दीड वर्ष जड गेलं. माणसं चांगली होती, पण फौजीची बायको गावात राहिली की ती सगळ्यांची असते आणि तिचा वेळ तिचा नसतो. (खटावकर दादा, रागवू नका.)

आता मुख्य मुद्दा. एसएफ क्वार्टर तुमच्या मुलीच्या वर्गाकडे बघून मिळत नाही, नवऱ्याच्या फील्डकडे बघून मिळतं. फील्ड संपलं की ते सोडायचं. म्हणून बोटं मोजा. मार्चमध्ये युनिट गेलं, मुलगी नववीत गेली. फील्ड साधारण दोन-अडीच वर्षं धरा. म्हणजे दहावीची परीक्षा क्वार्टरमध्ये असतानाच होईल. हे जुळून येतंय, सगळ्यांचं जुळत नाही. माझ्या थोरल्याच्या वेळी बदली नेमकी दहावीच्या दिवाळीत आली. बोर्डाच्या वर्षासाठी क्वार्टर राखायला अर्ज करता येतो, आम्ही केला आणि परीक्षेपर्यंत मिळालं. शेवटचा पेपर झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी ट्रक दारात होता. पोराला मित्रांसोबत पिक्चरला जायलाही जमलं नाही. ते तो अजून काढतो.

पण अकरावी-बारावीचं काय? ह्यांना पुढचं पीस स्टेशन दूर कुठेतरी मिळालं, तर मुलीला घेऊन जाणार का? माझं मत विचाराल तर नववी ते बारावी चार वर्षं एका जागी काढा, किंवा दहावीला एकदाच तुकडा पाडा. मधे कुठेही नको. आणि चार वर्षं एका जागी काढायची ठरवलीत, तर एसएफच्या मागे फार लागू नका, आत्ताच भाड्याचं घर घ्या. एका घरातून दुसऱ्या घरात त्याच गावात जाणं हेसुद्धा हलणंच असतं.

तुमचे हे म्हणतात आधी घर बघ. आमचेही तेच म्हणायचे. त्यांच्या डोक्यात घर म्हणजे क्वार्टर असतं आणि क्वार्टर म्हणजे नंबर. फौजेची सवय.

---

अबोली७ | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:०२

ट्रंकवाली, या प्रतिसादाचा वेगळा लेख करा ना. आणि ती तेलुगू शेजारीण हवीच त्यात.

---

हिशेबनीस | ११ नोव्हेंबर, रात्री ८:५५

भावनेचं झालं, आता पैशाचं बघू.

चिल्ड्रन एज्युकेशन अलाउन्स: १ जानेवारी २०२४ पासून महिन्याला २,८१२.५० रुपये, प्रत्येक मुलामागे, दोन मुलांपर्यंत. वर्षाचे ३३,७५०. आर्थिक वर्ष संपल्यावर शाळेच्या मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र लावून एकदाच क्लेम. केव्हीत असाल तर यातला बराचसा हातात उरतो. आर्मी पब्लिक स्कूलमध्ये जवान, जेसीओ (सुभेदार वगैरे) आणि अधिकारी यांच्या फीचे दर वेगवेगळे असतात, तरी केव्हीपेक्षा जास्तच.

हॉस्टेल सबसिडी: महिन्याला ८,४३७.५०. अट अशी की हॉस्टेल घरापासून किमान ५० किलोमीटरवर हवं. हे पुढे सैनिक स्कूलचा विषय निघाला तर लागेल, आणि या धाग्यावर तो निघणारच.

घरभाडं: क्वार्टर घेतलं की एचआरए (घरभाडे भत्ता) बंद. पुणे, मुंबई एक्स गटात, तिथे मूळ पगाराच्या ३० टक्के. नाशिक वाय गटात, २० टक्के. बाकी लहान गावं १० टक्के. मूळ पगार ३८,००० धरला तर २० टक्क्यांचे ७,६०० होतात. देवळाली कॅम्पला जुन्या इमारतीत दोन खोल्या-किचन त्यात जेमतेम बसेल, नाशिक रोडला नव्या सोसायटीत नाही. फील्डला असताना कुठल्या गावचा दर लागणार ते यांनी निघण्याआधी युनिटच्या क्लार्ककडून कागदावर घ्यावं. नंतर एरियर्सच्या मागे पळण्यात वर्ष जातं.

---

बेळगाव_लोणी | ११ नोव्हेंबर, रात्री ९:४०

धाकटा पाचवीत ना? मग सैनिक स्कूलचा फॉर्म भरलात का? सातारा सैनिक स्कूल म्हणजे देशातलं पहिलं, १९६१ चं. सहावीला ३१ मार्च रोजी वय १० ते १२ लागतं, म्हणजे हीच वेळ. सहावीची परीक्षा मराठीतूनही देता येते, नववीची मात्र फक्त इंग्रजीतून. बाकीचं आरक्षण वजा जाता उरलेल्या जागांपैकी २५ टक्के सैन्यातल्यांच्या मुलांना. बेळगावचं राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आहेच. सासर साताऱ्यात, म्हणजे आजी-आजोबा रविवारी भेटतील. सोन्याहून पिवळं!

---

हिशेबनीस | ११ नोव्हेंबर, रात्री ९:४४

म्हटलं नव्हतं?

---

ट्रंकवाली | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

शाळा उत्तम आहे, प्रश्नच नाही. पण घरातून बाप निघाला त्याच महिन्यात दहा वर्षांचं पोरही निघालं, तर मागे राहिलेल्या दोघींचं जेवण कसं होईल याचा विचार करा. मुलाला स्वतःला जायचं असेल तरच.

---

बेळगाव_लोणी | १२ नोव्हेंबर, सकाळी १०:३२

ताई, मी स्वतः अकराव्या वर्षी हॉस्टेलला गेलो. पहिले तीन महिने रडलो, मग सुट्टीत घरी करमेना. उलट एकाच शाळेत सात वर्षं सलग मिळाली. फौजीच्या पोराला ही चैन दुसरीकडे कुठे मिळते?

---

ट्रंकवाली | १२ नोव्हेंबर, सकाळी १०:५०

हे मात्र खरं.

---

नऊवारी_नाही_नऊ_शाळा | १२ नोव्हेंबर, रात्री ११:२०

इतका वेळ सगळ्या आया आणि बाबा बोलतायत म्हणून पोराच्या बाजूने लिहिते. आयडीतच आलंय: माझ्या नऊ शाळा. बाबा सैन्यात सिग्नल्समध्ये होते.

अभ्यासाचं कधी अडलं नाही, केव्हीत पुस्तक तेच असतं. अडायचं दुसरीकडेच. सप्टेंबरमध्ये नवीन शाळेत गेलं की खो-खोची टीम निवडून झालेली, नाटकातली कामं वाटून झालेली, डब्याला कोण कुणाशेजारी बसतं तेही ठरलेलं. आपण तिथे पाहुणे. मैत्रिणी पटकन करायला मी शिकले, पण त्यांना पत्ता न देता निघून जायलाही तितक्याच पटकन शिकले. ही सवय आता नवऱ्याला खटकते. अवांतर झालं, जाऊ दे.

मराठीबद्दल. तिसरी भाषा म्हणून संस्कृत होती, त्यामुळे मराठी शाळेत कधीच भेटलं नाही. पहिलं मराठी पुस्तक सलग वाचलं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, ते पण बोट ठेवून. तुमच्या मुलीला 'ळ' विचारावासा वाटतो, यात समाधान माना. महाराष्ट्रात येताय तर २०२० च्या मराठी सक्तीच्या कायद्याचं निमित्त करून शाळेत मराठीचं काय आहे ते विचारा. केव्हीत पंधरा मुलं जमली तर प्रादेशिक भाषेच्या शिक्षकाची सोय करता येते, पण पालकांनी मागणी करावी लागते. तुम्हीच सह्या गोळा करा.

आणि एक विचारू? मुलीला विचारलंत का?

---

सिन्नरची_लेक | १४ नोव्हेंबर, रात्री १०:०५

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. खरं सांगते, विचारलं नव्हतं. काल भाकऱ्या करताना विचारलं. मला वाटलं म्हणेल मैत्रिणी सोडवत नाहीत. ती म्हणाली, "जिथे गॅदरिंगची प्रॅक्टिस पण मी करीन आणि गॅदरिंग पण बघीन तिथे."

गेल्या वेळी डिसेंबरमध्ये हललो होतो. नाचाच्या पहिल्या ओळीत होती ती. मी तर विसरूनच गेले होते.

---

गोलंदाज_निवृत्त | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

उशीर झाला, नातवाची मुंज होती.

देवळालीबद्दल मला थोडी ममता आहे, स्कूल ऑफ आर्टिलरीत दोन कोर्स केलेत. गावाचं नाव इंग्रजांनी पार बिघडवलं. त्यांच्या बोलीत डोकं फिरलेल्याला 'डूलाली' म्हणतात ते या देवळालीवरूनच. विलायतेच्या बोटीची वाट बघत इथल्या छावणीत महिनोन् महिने पडून राहणारे गोरे शिपाई भ्रमिष्ट व्हायचे म्हणे. तुम्ही क्वार्टरच्या वेटिंग लिस्टीकडे फार बघू नका, एवढंच सांगतो.

कागद. यांना निघायच्या आधी हे करायला लावा. दोन्ही मुलांच्या जन्माच्या पार्ट टू ऑर्डर (सैन्याच्या कागदांतली नोंद) झाल्यात का आणि नावांची स्पेलिंगं शाळेच्या दाखल्याशी जुळतात का. किन्ड्रेड रोलची (कुटुंबाच्या नोंदीची) प्रत. तुमचं आणि मुलांचं डिपेंडंट कार्ड, एमएचला त्याशिवाय दारात उभं करत नाहीत. आणि एसपीआर, म्हणजे कुटुंब कुठे राहणार ते गाव जाहीर करायचं असतं. यात सवयीने सगळे मूळ गाव टाकतात. तुम्ही राहणार देवळालीत आणि कागदावर खटाव, असं झालं की पुढचा प्रत्येक अर्ज अडतो. जिथे खरंच राहणार तेच टाका.

फील्डला गेलेल्या जवानाला वर्षाची साठ दिवस रजा आणि तीस दिवस कॅज्युअल असते. ती मुलांच्या सुट्टीत मिळेलच असं नाही, सगळ्यांनाच मे महिना हवा असतो. पालकसभेला बाप दिसेल अशी आशा शाळेला दाखवू नका.

---

कडूलिंब | १५ नोव्हेंबर, दुपारी १:१५

बारावीनंतरचंही आत्ताच बघा, आमचा हात पोळलाय. मुलाची दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्राबाहेर झाली आणि आम्ही अधिवासाचा दाखला काढलाच नव्हता. अभियांत्रिकीच्या राज्य प्रवेशात सैनिकांच्या मुलांना ५ टक्के जागा असतात. डेफ-१ माजी सैनिकांची मुलं, डेफ-२ सेवेतल्यांची, या दोन्हींना महाराष्ट्राचा अधिवास लागतो. डेफ-३ म्हणजे बाहेरचे, पण नोकरीने इथे बदलून आलेले. आम्ही डेफ-२ मध्ये बसत होतो आणि कागदाअभावी बाहेर राहिलो. जून महिन्यात तहसीलच्या रांगेत उभं राहून काही होत नाही. तुमच्या ह्यांचा दाखला याच सुट्टीत काढून ठेवा.

मुलगी बारावीपर्यंत देवळालीत राहिली तर तिचं अर्धं काम आपोआप झालं. माझ्या मते गाव-क्वार्टर-भाडं या वादात हे पारडं सगळ्यात जड आहे.

---

खटावकर | १५ नोव्हेंबर, रात्री ८:२०

बरं बाबा, हरलो. पण मे महिन्यात पोरांना गावी पाठवा. आणि रच्याकने (जाता जाता), जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची सैनिकांच्या मुला-मुलींसाठी वसतिगृहं असतात, गावाकडच्या कुणाला शहरात शिकवायचं असेल तर ती चांगली सोय आहे. या धाग्यावर कुणी बोललंच नाही म्हणून लिहिलं.

---

सिन्नरची_लेक | २९ मार्च, रात्री ९:५०

धागा वर काढतेय. खूप जणांनी विपु (विचारपूस) करून विचारलं.

एसएफसाठी अर्ज केला, नंबर इतका मागे होता की हेच हसले. मग माझ्या भावाने देवळाली कॅम्पला एक घर बघितलं. दुसरा मजला, पाणी सकाळी तासभर, पण केव्हीला मुलं सायकलने जातील. घरमालकीण एकटी आहे. तिने आधी विचारलं, "साहेब कधी येतील?" मी म्हटलं, दिवाळीच्या आसपास, मिळाली रजा तर. ती म्हणाली, मग ठीक, आवाज नको. भाडं एचआरएपेक्षा थोडं वर जातंय, ते दोन्ही मुलांच्या अलाउन्समधून भरून निघेल असा हिशेबनीस पद्धतीने हिशेब केलाय.

एसपीआरला देवळाली टाकलं. काका, क्लार्कने खरंच आधी खटाव लिहून ठेवलं होतं.

धाकट्याचा सैनिक स्कूलचा फॉर्म भरला नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "पप्पा परत आल्यावर जाईन." तोवर सहावीच्या प्रवेशाचं वय निघून जाईल हे त्याला सांगितलं. तरी नाही म्हणाला. बेळगावचे दादा नाराज होतील, पण मी जोर केला नाही.

निकाल हातात आला, टीसी निघाली, कमांडिंग ऑफिसरचं पत्र फायलीत आहे. परवा मार्च-आउट. बेसिनचे, नळांचे, पंख्यांचे सगळे फोटो काढलेत. सहा ट्रंका आहेत. त्यांवरचा जुना पत्ता ह्यांनी खरवडला आणि नवा लिहायला पांढऱ्या रंगाचा डबा आणला. मोठीने ब्रश मागून घेतला. पहिल्या ट्रंकेवरच्या 'देवळाली'तला ळ जरा पोटात फुगलाय, सहाव्यावर बरा आलाय.

कॅम्पमधलं कुणी असेल इथे, तर दुधाचा रतीब कुणाकडे लावू ते सांगा. म्हशीचं हवंय.

---

ट्रंकवाली | २९ मार्च, रात्री १०:१४

माझी नणंद तिथेच राहते, तिच्याकडे विचारून विपु करते. सकाळचा रतीब लावू नका, पाण्याची वेळ आणि दुधाची वेळ एकच येते.